मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवला, तरी तोच पुन्हा पुन्हा का उगवतो?

लक्षण असं: गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात मेन ब्रँच (कोडची मुख्य शाखा) आपल्या फीचर ब्रँचमध्ये (नव्या कामासाठी काढलेल्या शाखेत) ओढली, म्हणजे मर्ज केली, दोन-तीन फायलींत कॉन्फ्लिक्ट (दोन बाजूंच्या बदलांची टक्कर) आला, नीट बसून सोडवला, कमिट केला (इतिहासात नोंदवला). काही दिवसांनी पुन्हा मेन ओढली तर त्याच फायली, त्याच ओळी, तोच कॉन्फ्लिक्ट. किंवा रिबेस करताना (आपले कमिट उचलून मेनच्या टोकावर पुन्हा लावताना) एका कमिटला सोडवलेली ओळ पुढच्या कमिटला पुन्हा समोर, त्याच्या पुढच्यालाही पुन्हा. शेवटी कोणीतरी वैतागून ‘सगळं आपलंच ठेव’ करून टाकतं आणि दुसऱ्याचं काम गुपचूप पुसलं जातं.

कॉन्फ्लिक्ट येणं हा मुळात बिघाड नव्हे. दोघांनी एकाच ओळीला हात लावला तर कुणाचं ठेवायचं हे गिटने परस्पर न ठरवलेलंच बरं. पण तोच कॉन्फ्लिक्ट परत येत असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच निघतो: तुम्ही तो सोडवला होता ही नोंद गिटच्या इतिहासात नाही. एकतर ती झालीच नाही, किंवा झाली होती आणि नंतरच्या एखाद्या आज्ञेने उडवली. त्यामुळे कॉन्फ्लिक्टभोवती गिट फाइलमध्ये ज्या बाणांच्या खुणा घालतं त्यांमधलं काय ठेवायचं आणि काय खोडायचं यावर मी इथे फार वेळ घालवणार नाही. नोंद कुठे हरवली ते शोधायचं आहे.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. कंसांच्या < > खुणांत जे आहे तिथे तुमचं नाव किंवा कमिटचा हॅश (त्याची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची खूण) घाला.)

गिट नक्की कशाशी तुलना करतं

बऱ्याच जणांची समजूत असते की मर्ज म्हणजे दोन फायली शेजारी ठेवून फरक काढणं. तसं नाही. मर्जला तीन फायली लागतात: तुमची, समोरची आणि दोघांचा शेवटचा सामाईक पूर्वज. या पूर्वजाला मर्ज बेस म्हणतात. बेसपासून फक्त एकाच बाजूने ओळ बदलली असेल तर ती बदललेली ओळ निमूट घेतली जाते. दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखाच बदल केला असेल तरी तक्रार नाही. दोघांनी वेगवेगळा बदल केला असेल तरच कॉन्फ्लिक्ट. अगदी लगतच्या ओळी बदलल्या असतील तरीही तो येतो, कारण गिट ओळींचे गट धरून पाहतं.

म्हणजे सगळा खेळ बेसवर आहे. मर्ज कमिट झाला की त्याला दोन पालक (लगेच आधीचे कमिट) मिळतात आणि पुढच्या वेळी बेस पुढे सरकतो. आधी सोडवलेलं सगळं बेसच्या मागे जातं आणि पुन्हा विचारलं जात नाही. बेस पुढे सरकलाच नाही तर गिट पुन्हा त्याच जुन्या पूर्वजापासून हिशोब मांडतं आणि तोच प्रश्न विचारतं. त्याच्या दृष्टीने ते पहिल्यांदाच विचारत असतं.

आधी बेस डोळ्यांना दिसू द्या

कारण शोधण्याआधी एक सेटिंग करून ठेवा. माझ्या मते हे मुळातच चालू असायला हवं होतं:

गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल झेडडिफ३

झेडडिफ३ गिट २.३५ पासून आहे. त्याहून जुनं गिट असेल तर नुसतं डिफ३ लिहा, काम भागतं. आता कॉन्फ्लिक्टमध्ये दोनऐवजी तीन भाग दिसतील. फरक काय पडतो ते बघा. नेहमीच्या पद्धतीत समजा हे दिसलं (हेड म्हणजे तुमची बाजू, ओरिजिन/मेन म्हणजे सर्व्हरवरची मेन):

<<<<<<< हेड
मुदत = ६०
=======
मुदत = ३० * पट
>>>>>>> ओरिजिन/मेन

यात बरोबर कोण? नुसतं बघून सांगता येत नाही. ६० हा ३० च्या दुप्पट म्हणून आला की मुळात वेगळाच आकडा आहे? अंदाजाने एक बाजू ठेवली जाते आणि दुसरी जाते. आता तेच बेससकट:

<<<<<<< हेड
मुदत = ६०
||||||| <बेसचा हॅश>
मुदत = ३०
=======
मुदत = ३० * पट
>>>>>>> ओरिजिन/मेन

आता उलगडा होतो. मूळ ३० होते. तुम्ही आकडा वाढवला. समोरच्याने आकड्याला हात न लावता गुणक जोडला. दोघांचाही हेतू टिकवायचा तर उत्तर ‘मुदत = ६० * पट’ होतं, आणि हे उत्तर दोन्हीपैकी कुठल्याच बाजूला लिहिलेलं नव्हतं. (साठला पटीने गुणून मुदत फार लांबते का, हा प्रश्न गिटचा नाही, ज्याने गुणक घातला त्याला विचारा.) एडिटरमधल्या ‘हे ठेवा’ आणि ‘ते ठेवा’ या दोन बटणांवर माझा म्हणूनच फारसा भरवसा नाही. बऱ्याच कॉन्फ्लिक्टचं खरं उत्तर तिसरंच असतं.

कॉन्फ्लिक्ट आधीच येऊन पडला असेल आणि सेटिंग आत्ता केली असेल, तर फाइल पुन्हा मूळ कॉन्फ्लिक्टच्या अवस्थेत आणता येते:

गिट चेकआउट --कॉन्फ्लिक्ट=डिफ३ <फाइल>

सोडवताना घोळ झाला आणि पाटी कोरी करून हवी असेल तेव्हाही हीच आज्ञा कामाला येते. मात्र त्या फाइलमधलं तुमचं अर्धवट काम ती पुसते. कुणी, कोणत्या कमिटमध्ये आणि कशासाठी त्या ओळी बदलल्या हे पाहायचं तर मर्ज अर्धवट असतानाच हे चालवा:

गिट लॉग --मर्ज -पी

कॉन्फ्लिक्ट असलेल्या फायलींना हात लावणारे दोन्ही बाजूंचे कमिट तेवढे दिसतात, बाकी पसारा नाही. ही आज्ञा फार कमी जणांना माहीत असते.

आता निदान

शेवटचा मर्ज ‘झाला’ असं तुम्हाला वाटतंय ना? मग विचारा:

गिट मर्ज-बेस हेड ओरिजिन/मेन

मिळालेला हॅश ‘गिट शो --नो-पॅच’ला देऊन त्याची तारीख आणि संदेश बघा. तुम्ही मागच्या खेपेस मेन ओढली तेव्हाच्या आसपासचा कमिट दिसला तर नोंद शाबूत आहे आणि आत्ताचा कॉन्फ्लिक्ट खरोखरच नवा आहे. चेहरा जुन्यासारखा असला तरी. असं होतं. एखाद्या फाइलमध्ये सगळ्यांचेच हात असतात: राउटची यादी, सेटिंग्जची फाइल, भाषांतरांची फाइल. तिथे दर वेळी प्रत्येक जण शेवटी एक ओळ जोडतो आणि दर वेळी त्याच जागी टक्कर होते. त्यावर गिटकडे औषध नाही. यादी वर्णक्रमाने ठेवा, म्हणजे जोडण्या विखुरतील. नाहीतर फाइल फोडा.

बेस मात्र फार जुना, तुमची ब्रँच जिथून फुटली तिथलाच निघाला, तर नोंद हरवली आहे. मग पुढच्या तीनपैकी एक प्रकार घडलेला असतो.

पहिला प्रकार: मर्ज झाला, पण मर्ज म्हणून नोंदला गेला नाही

शेवटचा ‘मर्ज’ कमिट उघडून बघा:

गिट कॅट-फाइल -पी <कमिट>

पॅरेंट या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी मोजा. दोन असतील तर मर्ज खरा. एकच असेल तर तो साधा कमिट आहे. मजकूर आला, नातं आलं नाही. हे बहुधा असं घडतं: मर्जच्या मध्यात कोणी स्टेज केलेलं (पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवलेलं) काढायला नुसतं ‘गिट रिसेट’ चालवतं. त्याने फायली जागच्या जागी राहतात, पण ‘मर्ज चालू आहे’ ही आठवण (मर्ज_हेड नावाची छोटी फाइल) जाते. मग ‘गिट ॲड’, ‘गिट कमिट’, आणि कमिट एकपालकी होतो. संदेशात स्वतःच्या हाताने ‘मेन मर्ज केली’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे नंतर कुणाला संशयही येत नाही. मर्ज अर्धवट असताना एखादी फाइल स्टेजमधून काढायची असेल तर रिसेटला फाइलचं नाव द्या. सगळंच सोडून द्यायचं असेल तर ‘गिट मर्ज --ॲबॉर्ट’.

दुरुस्ती सोपी आहे. मेनमधला मजकूर तुमच्याकडे आलेलाच आहे, फक्त नातं जोडायचं आहे. तेव्हा मेनचा जो कमिट तुम्ही ओढला होता त्याचा हॅश शोधा आणि:

गिट मर्ज -एस अवर्स <तो कमिट>

याचा अर्थ: त्या कमिटशी मर्ज झाल्याची नोंद कर, पण मजकुरात एक अक्षरही बदलू नकोस. इथे दोन गोष्टींची सक्त काळजी घ्या. एक, तोच कमिट द्या जो खरोखर ओढला होता. आजची मेन दिलीत तर मधल्या काळातलं सगळ्यांचं काम ‘आलं’ म्हणून नोंदलं जाईल आणि प्रत्यक्षात कधीच येणार नाही. दोन, ‘-एस अवर्स’ आणि ‘-एक्स अवर्स’ यांची गल्लत करू नका. ‘-एक्स अवर्स’ नेहमीसारखा मर्ज करतं आणि जिथे टक्कर होईल तेवढ्याच ठिकाणी आपली बाजू घेतं. ‘-एस अवर्स’ समोरच्याकडे बघतच नाही. ‘-एक्स अवर्स’ घाईत चालवण्याच्या लायकीचं नाही, आणि ‘-एस अवर्स’ तर अजिबातच नाही.

दुसरा प्रकार: स्क्वॉश करून मर्ज केलेली ब्रँच पुढे वापरत राहणं

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त येणारा हाच. फीचर ब्रँचवर कमिट ख आणि ग झाले. पुल रिक्वेस्ट (ब्रँच मेनमध्ये घेण्याची विनंती) मंजूर झाली आणि ‘स्क्वॉश करून मर्ज’ (सगळे कमिट एकात आवळून मर्ज) हे बटण दाबलं. मेनवर एकच नवा कमिट आला, त्याला स म्हणू. मजकूर ख आणि ग यांचाच, पण स चा पालक फक्त मेनचा आधीचा कमिट. तुमच्या ब्रँचशी त्याचं काहीही नातं नाही.

इथे ब्रँच उडवली असती तर विषय संपला होता. पण ‘अजून थोडं काम राहिलंय’ म्हणून त्याच ब्रँचवर कमिट घ झाला. आता मेन ओढा. बेस अजूनही ख च्या आधीचा. मेनच्या बाजूला बेसपासून बदल आहे (स मधून), तुमच्या बाजूलाही आहे (ख, ग, घ मधून). घ ने ज्या ओळी पुन्हा बदलल्या नसतील तिथे दोन्हीकडे सारखाच बदल, म्हणून शांतता. जिथे घ ने ग मधलीच ओळ सुधारली, तिथे कॉन्फ्लिक्ट. म्हणजे तुम्ही स्वतःच्याच जुन्या रूपाशी भांडताय. खुणांच्या दोन्ही बाजूंना आपलंच लिखाण दिसलं की स्क्वॉशचा संशय घ्या. तो बहुतेक खरा ठरतो.

उपाय दोन. ब्रँचवर तुम्ही एकटेच असाल तर सगळ्यांत स्वच्छ मार्ग:

गिट रिबेस --ऑन्टो ओरिजिन/मेन <ग> फीचर

म्हणजे ग नंतरचे कमिट तेवढे उचल आणि मेनच्या टोकावर ठेव. ख, ग मागे राहतात, कारण त्यांचा मजकूर स मधून आलेलाच आहे. ब्रँच आधी पुश केलेली (सर्व्हरवर पाठवलेली) असेल तर नंतर ‘--फोर्स-विथ-लीज’ने ढकलावी लागेल. साधं ‘--फोर्स’ नको. दरम्यान दुसऱ्याने काही ढकललं असेल तर ते पुसलं जाईल.

ब्रँच चौघांत वाटलेली असेल आणि इतिहास बदलणं परवडणारं नसेल, तर दोन पायऱ्यांत जा. आधी मेनवरचा स च्या अगदी आधीचा कमिट नेहमीसारखा मर्ज करा. इथे खरे कॉन्फ्लिक्ट येतील, ते सोडवा. मग:

गिट मर्ज -एस अवर्स <स>

स मध्ये जे होतं ते सगळं तुमच्या ब्रँचमधूनच गेलेलं आहे, त्यामुळे त्याचा मजकूर न घेता फक्त नोंद करणं इथे सुरक्षित आहे. अट एवढीच की स्क्वॉश करताना त्यात वेगळं काही मिसळलेलं नसावं. त्यानंतर उरलेली मेन नेहमीसारखी ओढा. पहिली पायरी गाळलीत तर मात्र स च्या आधी मेनवर आलेलं इतरांचं काम बुडेल. क्रम पाळा.

एका ब्रँचवरून फुटलेल्या दुसऱ्या ब्रँचचंही हेच दुखणं असतं: खालची स्क्वॉश झाली की वरची अधांतरी लटकते. तिथेही ‘--ऑन्टो’च.

तिसरा प्रकार: रिबेस

रिबेसमध्ये पुनरावृत्ती दोन कारणांनी होते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण रिबेसच्या स्वभावातच आहे. मर्ज दोन टोकांची एकदाच तुलना करतो. रिबेस तुमचा प्रत्येक कमिट एकेक करून नव्या जागी लावतो. तुमच्या आठ कमिटनी एकाच फंक्शनमध्ये ढवळाढवळ केली असेल आणि मेनने तेच फंक्शन बदललं असेल, तर आठ वेळा थांबावं लागू शकतं. मधल्या कमिटला तुम्ही जे अंतिम रूप लिहाल, ते त्याच्या पुढच्या कमिटला पुन्हा टोचतं. म्हणून मधल्या टप्प्यावर शेवटचं रूप घुसडू नका. त्या कमिटने जेवढं केलं होतं तेवढंच लिहा. त्याहून सोपं म्हणजे आधी स्वतःच्या जागीच कमिट आवळून घ्या:

गिट रिबेस -आय <मर्ज बेस>

यात पाया बदलत नाही, त्यामुळे क्रम न हलवता फक्त एकत्र केलं तर कॉन्फ्लिक्ट येत नाहीत. आठाचे एक-दोन झाले की मग खऱ्या रिबेसला हात घाला. टक्कर व्हायची ती एकदाच होईल.

दुसरं कारण जास्त छळतं. तुम्ही काही आठवडे मेन आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करत आलात, प्रत्येक वेळी कॉन्फ्लिक्ट सोडवलेत, आणि आता ‘इतिहास सरळ करू’ म्हणून रिबेस केला. रिबेस मर्ज कमिट टाकून देतो. तुमची सगळी सोडवणूक त्या मर्ज कमिटांतच होती! ती गेली आणि जुने सगळे कॉन्फ्लिक्ट एका दमात परत आले. ‘--रिबेस-मर्जेस’ने मर्ज पुन्हा रचले जातात खरे, पण हाताने सोडवलेलं तेही परत आणत नाही. अशा ब्रँचला रिबेस करूच नका. सरळ इतिहास हवाच असेल तर शेवटचा मर्ज करून घ्या, मग ‘गिट रिसेट --सॉफ्ट ओरिजिन/मेन’ आणि एकच कमिट. रिसेटआधी मेन पूर्णपणे मर्ज झालेली असली पाहिजे, आणि मधे पुन्हा फेच करू नका (सर्व्हरवरून ताजी मेन आणू नका). नाहीतर मेनवरचे नवे बदल उलटवणारा कमिट तुमच्या नावावर चढेल.

बऱ्याचदा रिबेस केल्याचं माणसाला ठाऊकही नसतं. पुल.रिबेस हे सेटिंग ट्रू असेल तर ‘गिट पुल’ गपचूप रिबेसच करतं. ते तपासायला:

गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल पुल.रिबेस

कुठल्या फाइलमधून सेटिंग आलं हेही कळतं.

आणि रिबेसमध्ये ‘अवर्स’ व ‘देअर्स’ उलटे असतात, हे टर्मिनलशेजारी लिहून ठेवण्यासारखं आहे. रिबेस मेनच्या टोकावर उभा राहून तुमचे कमिट वर ठेवतो, म्हणून ‘अवर्स’ म्हणजे मेन आणि ‘देअर्स’ म्हणजे तुमचं काम. मर्जच्या सवयीने ‘गिट चेकआउट --अवर्स’ मारलं की तुमचाच बदल जातो, आणि पुढच्या कमिटला ‘मी हे केलं होतं ना?’ म्हणून डोकं खाजवायची वेळ येते.

अख्खी फाइलच कॉन्फ्लिक्टमध्ये

एक-दोन ओळी नाहीत, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळंच लाल. दोन्ही बाजू डोळ्यांना मात्र सारख्याच दिसतात. हा ओळीच्या शेवटच्या न दिसणाऱ्या खुणांचा मामला: एकाकडे एलएफ, दुसऱ्याकडे विंडोजचं सीआरएलएफ.

गिट एलएस-फाइल्स --ईओएल <फाइल>

इंडेक्समध्ये (स्टेज केलेल्यात) काय आणि डिस्कवर काय, दोन्ही सांगतं. आत्ताचा मर्ज निभावून न्यायला ‘गिट मर्ज -एक्स रिनॉर्मलाइझ’ वापरा. कायमचं मिटवायला रेपोच्या (गिट सांभाळत असलेल्या प्रकल्पाच्या फोल्डरच्या) मुळाशी .गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये ‘* टेक्स्ट=ऑटो’ ही ओळ घाला, ‘गिट ॲड --रिनॉर्मलाइझ .’ चालवा आणि तो कमिट वेगळा ठेवा. प्रत्येकाच्या संगणकावर ऑटोसीआरएलएफचं सेटिंग जुळवत बसण्यापेक्षा हे बरं, कारण ही फाइल रेपोबरोबर सगळ्यांकडे जाते.

फॉरमॅटरचंही (कोडची मांडणी आपोआप बसवणाऱ्या साधनाचंही) असंच. मेनवर कुणीतरी एका कमिटमध्ये सगळा कोड नव्या नियमाने बसवला आणि बाकी सगळ्यांच्या ब्रँचा अडकल्या. तिथे हाताने ओळी जुळवणं म्हणजे शिक्षा आहे. त्याऐवजी फॉरमॅटिंगच्या अगदी आधीचा कमिट मर्ज करा, आपल्या ब्रँचवर तोच फॉरमॅटर त्याच सेटिंगने चालवून कमिट करा, मग फॉरमॅटिंगचा कमिट ‘-एस अवर्स’ने नोंदवा, मग उरलेली मेन ओढा. स्क्वॉशच्या वेळचीच युक्ती.

ज्या फायली माणसाने लिहिलेल्याच नाहीत

लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यंत्राने बनवलेली यादी), तयार केलेला कोड, मिनिफाय केलेल्या (आकार कमी करायला आवळलेल्या) फायली. यांचे कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवू नका, कितीही सोपे दिसोत. कुठलीही एक बाजू घ्या, मूळ यादीतला कॉन्फ्लिक्ट (पॅकेजची नावं आणि आवृत्त्या) नीट सोडवा आणि पॅकेज मॅनेजरला लॉक फाइल पुन्हा बनवू द्या. बिल्डमधून निघणाऱ्या फायली तर रेपोत असूच नयेत.

‘.गिटॲट्रिब्यूट्समध्ये मर्ज=अवर्स लिहिलं तरी चालत नाही’ अशी तक्रार वारंवार दिसते. कारण अवर्स नावाचा ड्रायव्हर (त्या फाइलचा मर्ज कसा करायचा ते ठरवणारा प्रोग्राम) गिटमध्ये तयार नसतोच. तो प्रत्येकाने आपल्या कॉन्फिगमध्ये घालावा लागतो:

गिट कॉन्फिग मर्ज.अवर्स.ड्रायव्हर ट्रू

आणि ड्रायव्हरला फक्त दोन्ही बाजूंनी फाइल बदललेली असतानाच बोलावलं जातं. एकट्या समोरच्याने बदलली असेल तर त्याचीच येते. बदलांच्या नोंदवहीसारख्या फाइलला मर्ज=युनियन चालतं, ते गिटमध्ये तयार असतं; दोन्हीकडच्या ओळी ठेवल्या जातात, क्रमाची हमी नाही. कोडच्या फाइलला ते कधीही लावू नका.

रेरेरे: तोच कॉन्फ्लिक्ट, तेच उत्तर, आपोआप

वरचं सगळं करूनही काही ठिकाणी तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा भेटणारच. महिनोन्‌महिने जगणारी ब्रँच सतत रिबेस करावी लागते, किंवा एकच दुरुस्ती तीन जुन्या आवृत्त्यांवर चेरी-पिक करावी (तो कमिट उचलून तिथे लावावा) लागते. त्यासाठी गिटमध्ये रेरेरे आहे:

गिट कॉन्फिग --ग्लोबल रेरेरे.एनेबल्ड ट्रू

हे चालू केल्यावर कॉन्फ्लिक्ट आला की गिट त्याचं मूळ रूप .गिटमधल्या आरआर-कॅश फोल्डरमध्ये ठेवतं आणि तुम्ही सोडवून कमिट केला की उत्तरही ठेवतं. तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा आला की आधीचं उत्तर वापरून फाइल सोडवल्याची ओळ टर्मिनलवर येते. फाइल सोडवलेली असते, पण स्टेज केलेली नसते. बघून ‘गिट ॲड’ तुम्हीच करायचं. रेरेरे.ऑटोअपडेटने तेही आपोआप होतं, मी मात्र ते बंदच ठेवते. कारण रेरेरेला उत्तर बरोबर आहे का हे कळत नाही, फक्त तेच आहे एवढं कळतं. एकदा दमल्या डोळ्यांनी चुकीचं सोडवलंत, की ती चूक पुढच्या प्रत्येक रिबेसमध्ये न विचारता लागू होईल.

सोडवलंय, पण आत्ता रिबेस सोडून द्यायचा आहे? मग ‘--ॲबॉर्ट’च्या आधी नुसतं ‘गिट रेरेरे’ चालवा. सोडवलेल्या फायलींची उत्तरं तेवढी नोंदली जातात आणि पुढच्या खेपेला उपयोगी पडतात.

रेरेरे चालू असूनही आठवण येत नसेल तर तीन शक्यता बघा. एक, तो कॉन्फ्लिक्ट ओळींचा नसून ‘एकाने फाइल काढली, दुसऱ्याने बदलली’ अशा जातीचा आहे; त्यात रेरेरे पडत नाही. दोन, फाइलमधल्या सगळ्या कॉन्फ्लिक्टची मिळून एकच ओळख धरली जाते. मागे दोन होते आणि आता तिसरा वाढला, तर ओळख बदलते आणि जुनं उत्तर जुळत नाही. तीन, नोंद शिळी होऊन झाडली गेली: गिटच्या साफसफाईत सोडवलेल्या नोंदी मुळात ६० दिवस आणि अर्धवट सोडलेल्या १५ दिवस राहतात. लांब चालणाऱ्या ब्रँचसाठी जीसी.रेरेरेरिझॉल्व्हड वाढवून ठेवा.

हा साठा पुशबरोबर जात नाही, त्यामुळे सहकाऱ्याच्या संगणकावर तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा येणार. त्याला त्याचा रेरेरे. नवीन संगणकावर आलात आणि जुने मर्ज इतिहासात आहेत, तर गिटच्या सोर्समधल्या कॉन्ट्रिब फोल्डरमध्ये रेरेरे-ट्रेन नावाची स्क्रिप्ट आहे. ती जुने मर्ज कमिट पुन्हा घडवून त्यांतली उत्तरं शिकून घेते. मर्जांनी भरलेली ब्रँच रिबेस करायचीच असेल तर आधी ही चालवून बघा.

चुकीचं उत्तर साठ्यात गेलं असेल तर तो कॉन्फ्लिक्ट समोर असतानाच ते विसरायला लावावं लागतं. कमिट करू नका, आधी हे:

गिट रेरेरे फरगेट <फाइल>
गिट चेकआउट -एम <फाइल>

पहिल्या आज्ञेने जुनं उत्तर जातं, दुसरीने बाणांच्या खुणांसह मूळ कॉन्फ्लिक्ट परत येतो. मग नव्याने सोडवा. ‘गिट ॲड’ करण्याआधी ‘गिट डिफ --चेक’ फिरवा. फाइलमध्ये खुणा उरल्या असतील तर ते ओळीच्या क्रमांकासकट सांगतं. ‘गिट ॲड’ खुणा तपासत नाही, आणि मर्जच्या मध्यात ‘गिट कमिट -ए’ मारलं तर खुणांसकटची फाइल बिनबोभाट कमिट होते.